लस्सीच्या गावात दुधाविना स्मूदी

रामनगरहून बोलतोय. नेहमीचे श्रोते जाणतातच, पण पुस्तकात पहिल्यांदा भेटणाऱ्यांसाठी सांगतो. हे नैनितालकडचं रामनगर नव्हे. बनारससमोरचं, गंगेच्या पलीकडच्या काठावरचं, काशीनरेशांच्या किल्ल्याचं रामनगर. आमच्या सौ.चं माहेर ब्रह्मा घाटाच्या गल्लीतलं, पिढ्यान्‌पिढ्या काशीत असलेल्या मराठी घरांपैकी एक. मी निवृत्त झालो तेव्हा पुण्यात राहायचं की इकडे, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे मी हरलो.

आता या गावाची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक रामलीला आणि दुसरी लस्सी. बनारसची माणसं पूल ओलांडून खास लस्सी प्यायला इकडे येतात. मातीच्या कुल्हडात घट्ट लस्सी, वर रबडी, त्यावर सायीचा जाड थर. चमच्याने खायची वस्तू आहे ती. अशा गावात बसून मी आज तुम्हाला दुधाचा एकही थेंब नसलेली, तरीही सायीसारखी दाट लागणारी फळांची स्मूदी शिकवणार आहे. शेजाऱ्यांना कळलं तर काय म्हणतील, ते म्हणोत.

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. फौजेच्या पोटाची व्यवस्था हे आमचं काम, आणि त्या पोटात दूध हवंच, असा आमचा विश्वास. फौजेने त्यासाठी स्वतःच्या डेअऱ्या चालवल्या. पहिला मिलिटरी फार्म १८८९ साली इथून जवळच, अलाहाबादला निघाला आणि ते सगळे फार्म ३१ मार्च २०२१ रोजी अधिकृतपणे बंद झाले. जवळजवळ एकशे बत्तीस वर्षं! दूध नसेल तर ताकद येत नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की पन्नाशीनंतर रोज रात्रीच्या ग्लासभर दुधानंतर पोट फुगायला लागलं, तरी मी दोष डाळीला देत राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला दुधातली साखर पचत नाही. ती साखर म्हणजे लॅक्टोज. ते पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर लहानपणी आतड्यात भरपूर असतं आणि पुष्कळ लोकांत वयाबरोबर कमी होत जातं. हा काही मोठा आजार नव्हे. दही लावताना त्यातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात, म्हणून माझ्यासारख्याला अर्धा कुल्हड लस्सी चालून जाते. पूर्ण घेतली तर रात्र जागून काढावी लागते.

माझ्यासाठी म्हणून मी स्मूदीच्या फंदात पडलो नसतो. पडलो ते नातीमुळे.

आमच्या नातीला दुधाची ॲलर्जी आहे. माझा त्रास आणि तिचा त्रास या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजच्या बोलण्यातलं एवढं एक तरी नीट लक्षात ठेवा. मला पचत नाही ती दुधातली साखर. तिचं शरीर शत्रू समजतं ते दुधातल्या प्रथिनांना, म्हणजे केसीन आणि व्हे प्रथिनांना. मी चुकून दूध प्यायलो तर फार तर पोट बिघडेल. तिच्या बाबतीत चमचाभर दूधही अंगावर गांध्या उठवू शकतं, ओठ सुजवू शकतं, श्वास अडवू शकतं. बाजारात मिळणारं लॅक्टोज काढलेलं दूध माझ्या कामाचं आहे, तिच्या मुळीच नाही, कारण त्यात प्रथिनं तशीच असतात. ‘गाईचं चालत नाही तर शेळीचं द्या’ हा सल्ला आम्हाला किती जणांनी दिला असेल! शेळी, म्हैस, गाय यांची दुधातली प्रथिनं एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईचं न चालणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचंही चालत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही माझ्या हातून चूक झाली. दोन वर्षांपूर्वी मुलगी आणि नात रामलीलेसाठी आल्या होत्या. अनंत चतुर्दशीपासून महिनाभर गाव रामलीलेचंच असतं. अयोध्या एका ठिकाणी, जनकपूर दुसरीकडे, पंचवटी आणखी तिसरीकडे, आणि प्रेक्षक लीलेच्या मागे गावभर चालतात. ना माइक, ना विजेचे दिवे. आणि या चालण्यात लस्सी आलीच. सगळी भावंडं कुल्हड घेऊन उभी, आणि आमची नात पाण्याची बाटली धरून. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने बाजारात गेलो आणि केकवर लावतात तसल्या क्रीमचा डबा आणला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॉन-डेअरी’ लिहिलेलं. आंब्याचा गर, केळं आणि दोन चमचे ते क्रीम, मिक्सरमधून काढलं, कुल्हडात ओतलं. काय दिसत होतं! चार घोट घेतल्यावर तिने गाल खाजवायला सुरुवात केली. मग मानेवर गांध्या, मग उलटी. मुलीने एका नजरेत ओळखलं. पुलापलीकडे दवाखान्यात पोहोचेपर्यंतची पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तिथे त्यांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं, आणि सकाळी ती खुशाल घरी आली.

घरी येऊन मी चष्मा लावून डबा वाचला. घटकांच्या यादीत होतं ‘सोडियम केसिनेट’. दुधातल्या केसीनपासूनच ते करतात. आणि त्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं की यात दुधाचे घटक आहेत. म्हणजे छापणाऱ्याने लपवलं नव्हतं, वाचणाऱ्याने वाचलं नव्हतं. ‘नॉन-डेअरी’ या शब्दाचा अर्थ ‘दूधमुक्त’ असा मी माझ्या मनाने लावला होता. तेव्हा पाकिटाच्या दर्शनी बाजूवर विसंबू नका, मागची यादी वाचा. आपल्याकडच्या २०२० च्या लेबल नियमांत दूध, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन, गहू यांसारखे ॲलर्जीचे घटक वेगळे नमूद करावे लागतात. केसीन, केसिनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स यांतला एक जरी शब्द दिसला तरी ते पाकीट परत फळीवर. आणि अंगावर गांध्यांबरोबर उलटी किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला, तर घरी गोळी देऊन वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा. वेळेवर ॲड्रेनलिन हाच खरा उपाय असतो.

मुलगी मला काहीच बोलली नाही. सौ. बोलली, आणि जे बोलली ते कामाचं होतं. म्हणाली, ‘डब्यातलं कशाला आणायचं? आई ठंडाई वाटायची ना, ते काय होतं?’

आता ठंडाई म्हटलं की आपल्याला दूध आठवतं. पण दूध शेवटी येतं. त्याआधी काय असतं? बदाम, खसखस, मगज म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या बियांचा गर, बडीशेप, मिरी, वेलची. रात्रभर भिजवायचं आणि पाट्यावर पाण्याचा हात लावत लावत वाटायचं. सासूबाईंचं वाटण मी पाहिलेलं आहे. तासाभराने पाट्यावर जे उरायचं ते लोण्यासारखं, आणि त्यात पाणी घालून फडक्यातून गाळलं की पांढरंशुभ्र दूध! गाईविना. म्हणजे ज्याला शहरात आता डब्यात भरून महाग विकतात, ते बनारसच्या पाट्यावर केव्हापासून होत होतं. आणि आपल्याकडेही कुठे नवीन आहे? कोकणात शिरवाळ्यांबरोबर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस असतो, सोलकढी तर घरोघरी. आमरस घ्या. आमरसात दूध कुठे असतं? तरी वाटीत तो कसा दाट बसतो! स्मूदी हा शब्द तेवढा परका.

मग प्रश्न असा की सायीसारखं लागतं म्हणजे नेमकं काय होतं. हे एकदा कळलं की कृती पाठ करावी लागत नाही, घरात जे असेल त्यातून जमवता येतं, म्हणून जरा इथे थांबतो.

दुधाची साय जिभेवर छान लागते कारण त्यात स्निग्धाचे अतिशय बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात. ते जिभेवरून घरंगळतात, घासत नाहीत. ही पहिली गोष्ट. दुसरी, कणांचा बारीकपणा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा मोठे कण जिभेला रवाळ लागायला लागतात, त्याहून बारीक असले की जीभ त्यांना वेगळं ओळखत नाही आणि ‘मऊ’ म्हणून सोडून देते. तिसरी गोष्ट म्हणजे दाटपणा, पाणी नुसतं सुटं वाहू नये. फळातलं पेक्टिन, स्टार्च, तंतू हे पाण्याला धरून ठेवतात. नुसत्या कलिंगडाच्या रसात यातलं जवळजवळ काहीच नाही, म्हणून तो रस तो रसच. आंब्यात तिसरी गोष्ट आहे, पहिली नाही. काजूत पहिली आहे आणि थोडी तिसरीही, कारण काजूत स्निग्धाबरोबर स्टार्चही असतो. दोन्ही एकत्र केलं आणि पुरेसं बारीक वाटलं की झालं काम. इतकंच आहे यात.

आता प्रत्यक्ष कृती. दोन ग्लासांचा अंदाज देतो. एक मोठं पिकलेलं केळं, एका मध्यम लंगड्या आंब्याचा गर म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास, आठ काजू, दोन मोठे चमचे मगज, दीडशे मिलीलीटर गार पाणी, वेलची, चिमूटभर मीठ, लिंबाचे चार थेंब. साखर नाही.

केळ्याचं आधी सांगतो, कारण निम्मी लढाई तिथे जिंकली जाते. जळगावकडच्या मंडळींना मी काय शिकवणार! रावेर-सावद्याहून केळ्यांच्या वाघिणी थेट उत्तरेकडे धावतात. पण केळं कधी घ्यायचं, इथे लोक चुकतात. पिवळंधमक, टोकाला हिरवट केळं दिसायला सुंदर, पण त्यात अजून बराच स्टार्च असतो आणि तो जिभेला ओढल्यासारखा लागतो. पिकताना त्याची साखर होते. सालीवर तपकिरी ठिपके पडले की केळं तयार. मग साल काढायची, बोटभर जाडीच्या चकत्या करायच्या आणि एका ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा ठेवून रात्रभर फ्रीजरमध्ये. साल न काढता अख्खं केळं गोठवलं तर दुसऱ्या दिवशी ते सोलायला संगीन लागेल. मी हे अनुभवाने सांगतोय.

गोठवायचं कशासाठी? एक तर बर्फ घालावा लागत नाही. बर्फ घातला की पहिले दोन घोट गार आणि पुढचा ग्लास पाणचट. दुसरं, गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे वाटल्यावर गर जास्त एकजीव होतो. गोठलेलं केळं नुसतं वाटलं तरी ते आइस्क्रीमसारखं फेसाळतं, करून बघा.

आता वाटण्याचा क्रम, आणि इथे सासूबाईंचा पाटाच गुरू आहे. काजू आणि मगज चार तास भिजवा. घाई असेल तर कडक गरम पाण्यात अर्धा तास चालेल. भिजवलेलं पाणी टाकून द्या. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात काजू, मगज आणि फक्त दोन-तीन चमचे पाणी. जास्त नको! पाणी जास्त झालं की कण पात्यापासून पळतात, नुसते गरगर फिरतात आणि रवाळच राहतात. कमी पाण्यात ते एकमेकांवर घासले जातात. मध्ये दोनदा थांबून कडेचं खाली सारा. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून बघा, रवा लागला तर अजून फिरवा. अगदी गंधासारखं झाल्यावर उरलेलं पाणी घालून अर्धा मिनिट. ही झाली तुमची साय.

मग मोठ्या भांड्यात आधी ही साय, त्यावर आंब्याचा गर, सगळ्यात वर गोठलेलं केळं. पातळ खाली, कडक वर. उलटं केलंत तर पातं गोठलेल्या चकत्यांत अडकेल. आपला घरगुती मिक्सर साधारण पाचशे-साडेसातशे वॉटचा असतो, तो चटणीसाठी बनलेला आहे, गोठलेल्या दगडांसाठी नाही. म्हणून चकत्या फ्रीजरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि आधी थांबत थांबत फिरवा, मग सलग. मिक्सर मध्येच बंद पडला तर जळला म्हणून घाबरू नका. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी एक लहानसं बटण असतं, भार जास्त झाला की ते बाहेर येऊन वीज तोडतं. प्लग काढा, थोडा वेळ गार होऊ द्या, बटण आत दाबा. आमच्या शेजाऱ्यांनी नवा मिक्सर घ्यायची तयारी केली होती, या बटणाने त्यांचे पैसे वाचले.

चव आता घ्या, आधी नाही. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून माणूस साखर ओततो. त्याऐवजी चिमूटभर मीठ आणि वेलची घालून बघा, गोडी वर येते. एका ग्लासात फळांचीच सतरा-अठरा ग्रॅम साखर आहे, माझ्या वयाच्या मंडळींनी ती हिशेबात धरावी आणि अर्ध्या ग्लासावर थांबावं. लिंबू कशाला? केळं चिरल्यावर काळं पडतं ते रोखायला, आणि चव जरा जागी करायला. तरीही केलेली स्मूदी लगेच प्या. तासाभराने ती थर धरते आणि रंग उतरतो.

आता फळं. इथला लंगडा जूनमध्ये येतो. बनारसी लंगड्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रामनगरच्या भंट्यालाही तेव्हाच मिळालं. भंटा म्हणजे आपलं वांगं. त्याची स्मूदी करू नका. लंगड्यात रेषा कमी असतात, म्हणून तो यासाठी उत्तम, पण हापूस, केसर, काहीही चालेल. रामलीला भाद्रपद-आश्विनात, तेव्हा आंबा कुठला? म्हणून जूनमध्येच गर काढून, एका वेळेला लागेल एवढ्या पिशव्या भरून मी फ्रीजरमध्ये ठेवतो. पिशव्या चपट्या ठेवा, लवकर गोठतात आणि लवकर सुटतात.

पपईची एक गंमत आहे. दुधात पपई घातली की थोड्या वेळाने ती कडवट लागते, कारण पपईतलं विकर दुधातली प्रथिनं तोडतं. आपल्या स्मूदीत दूधच नाही, तेव्हा पपई निश्चिंत घाला. फक्त ठेवून दिली तर ती आळून थलथलीत होते. अननस एकटा पातळ आणि रेषाळ, त्याला केळ्याची सोबत लागतेच. सीताफळ आणि चिकू यांचा गर मुळातच इतका दाट की केळ्याची गरज नाही, पण सीताफळाच्या बिया काढायला माणूस बसवावा लागतो आणि आमच्याकडे तो माणूस मीच असतो. एकही बी वाटली जाऊ देऊ नका. हिवाळ्यात पेरू मिळतो, तोही मऊ करून गाळावा लागतो.

बेलफळाबद्दल मात्र सांगायलाच हवं, ही महादेवाची नगरी आहे. उन्हाळ्यात इथे गल्लोगल्ली बेलाचं सरबत मिळतं. बेलाच्या गरात बियांभोवती एक चिकट द्रव असतो, त्याने पाणी आपोआप दाट होतं. पण बेल मिक्सरमध्ये घालू नका, बिया फुटल्या की सगळं कडू. गर पाण्यात हाताने कुस्करा, चाळणीतून गाळा आणि तो रस सायीच्या वाटणात मिसळा. केळंही नको, आंबाही नको. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. नातीला अजिबात नाही. म्हणते औषधासारखी लागते.

काजूचीच ॲलर्जी असेल तर? असू शकते. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला सुक्या मेव्याची किंवा तिळाची नाही, हे डॉक्टरांकडून खात्री करूनच पुढे जा. आम्ही आधी तपासून घेतलं. चालत नसेल तर नारळ. ताज्या नारळाचा कीस कोमट पाण्यात वाटून पहिलं दाट दूध पिळून घ्या. पण एक अडचण येते, जी मला सुरुवातीला कळलीच नाही. नारळाचं तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. इथे डिसेंबरमध्ये बाटलीतलं तेल दगड होतं ना, तेच. गोठलेल्या केळ्यावर नारळाचं दूध पडलं की त्यातल्या स्निग्धाचे मेणासारखे बारीक कण होतात आणि टाळ्याला चिकटतात. उपाय असा की नारळाची स्मूदी बर्फगार करू नका. फळ फ्रीजरमधलं न घेता नुसतं फ्रीजमधलं घ्या. केळं, नारळाचं दूध, थोडा गूळ, वेलची, म्हणजे दुधाऐवजी नारळातलं शिकरणच म्हणा की.

नवरात्रात उपास असेल तर उकडून गार केलेलं रताळं घाला, दाटपणा काजूच्या तोडीस तोड येतो. ओट्स मला जमले नाहीत. जास्त वाटले की बुळबुळीत होतात. सोयाबीनचं दूध घरी करणार असाल तर ते नीट उकळल्याशिवाय वापरू नका, कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही स्मूदी दुधासारखी लागते, दूध नव्हे. दोनशे मिलीलीटर गाईच्या दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि अडीचशेच्या घरात मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. आपल्या एका ग्लासात प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास येतील, तीही मगजाच्या कृपेने, आणि कॅल्शियम फारच थोडं. मी नाचणीची पेज करून गार करून त्यात मिसळतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण आपण घालतो दोन चमचे, पंधरा ग्रॅम. हिशेब करा, पन्नास मिलीग्रॅम. दाटपणा मात्र छान येतो. तेव्हा वाढत्या मुलाचं दूध बंद असेल तर बाकीचा आहार डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा, एका पेल्यावर भागवू नका. आमच्या नातीला कॅल्शियम वेगळं दिलं जातं.

शेवटचं काम मिक्सरच्या भांड्याचं. आमच्या घरी ताकही त्याच मिक्सरमध्ये व्हायचं. भांडं धुतलं तरी पात्याखालच्या आणि झाकणाच्या रबरी कडीत दूध अडकून राहतं. कडी काढून बघा एकदा, काय निघतं ते! ॲलर्जी असलेल्या मुलासाठी आम्ही वेगळं भांडं घेतलं, त्याच्या मुठीला लाल टेप लावली आणि सगळ्या घराला सांगून ठेवलं की लाल टेपच्या भांड्यात दूध, दही, ताक, लोणी काहीही जाणार नाही. गाळणी वेगळी, चमचा वेगळा. सौ. त्याला माझं शस्त्रागार म्हणते.

गेल्या वर्षी नात पुन्हा आली. मुलीने यादी वाचली, काजूचा डबा वाचला, मगजाची पुडी सुटी बाजारातली होती ती बाजूला ठेवायला लावली आणि बंद पाकीट आणवलं. मी काही बोललो नाही. तिचा तो हक्क होता. संध्याकाळी कुंभाराकडून कोरे कुल्हड आणले. कुल्हडाचा एक फायदा असा की तो एकदाच वापरून फोडतात, आधीच्या कुणाच्या लस्सीचा अंश त्यात राहण्याचा प्रश्न नाही. थर्मासमध्ये स्मूदी भरली आणि आम्ही लीलेला गेलो. त्या दिवशी पंचवटीचा प्रसंग होता. मध्यंतरात मुलं लस्सीला पळाली, मी तिच्या कुल्हडात ओतली, वर काजूच्या सायीचा एक चमचा सोडला. पहिला घोट घेताना मी तिच्या गालाकडेच बघत होतो. तिच्या ते लक्षात आलं. म्हणाली, ‘आजोबा, काही होत नाहीये. तुम्ही तिकडे बघा.’ मग तिचा मामेभाऊ आला, त्याने तिच्या कुल्हडात डोकावून विचारलं, ‘तुझी पिवळी का?’ आणि एक घोट मागितला. तिने नाही दिला. त्याच्या ओठांवर लस्सी लागली होती.